नाकातलं औषध

बाबा, आज पुन्हा तुमचा राग आला. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तो जात नाही.

एम.एस्सी.ला असताना जे शिकेन ते मी घरी येऊन सांगायचे. त्या दुपारी आई भाकऱ्या थापतेय, तुम्ही कारखान्यातून येऊन पानावर बसलाय, भुवयांवर अजून सुताची पांढरी धूळ आहे. आणि मी सांगतेय की नाकापासून खाली श्वासनळ्यांपर्यंत आतून जो चिकट थर असतो, ती घाण नव्हे. त्यात प्रथिनांचे बारीक तुकडे असतात, पेप्टाइड म्हणतात त्यांना. श्वासाबरोबर आत आलेल्या जंतूंना ते गाठतात आणि त्यांचं कवच फोडतात. तुमचा घास हातातच राहिला. “म्हंजे औषध नाकातच हाय?” मी म्हटलं, हो.

झालं! दुसऱ्या दिवसापासून तोंडाला बांधायचा रुमाल खुंटीवर. शिवाय कारखान्यात पॉवरलूमच्या खडखडाटात कारागिरांना ओरडून सांगणं, “अपने नाक में ही दवाई है, मेरी बेटी पढ़ के आई है!” ते बिचारे शेठला मान डोलवायचे आणि आपले गमछे नाकावर तसेच ठेवायचे. मी कपाळ बडवून घेतलं. “अहो बाबा, ते जंतूंसाठी आहे. धुळीचं ते काही करू शकत नाही. उलट रोज धूळ जाऊन तो थरच खराब होतो.”

“तुझं पेप्टाइड साहेब हाय काय? धुलीला हात लावत न्हाय?”

आई हसली, म्हणजे वाद तुम्ही जिंकलात.

मग खोकला लागला. मी ठाण्याहून मास्क आणले, ते तुम्ही गणपतीचं मखर रंगवताना वापरलेत. का, तर रंगाचा वास सोसत नाही! डॉक्टरांनी फुफ्फुसं खराब झाल्याचं सांगितलं, तर त्यांनाच माझं शिक्षण ऐकवलंत. शेवटी त्या थंडीत न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलात ऑक्सिजनचा मास्क हाताने बाजूला सारून तुम्ही विचारलंत, “थकलं काय गो तुझं पेप्टाइड?” मी मास्क नीट बसवला आणि म्हटलं, “बोलू नका.” त्यानंतर आपलं बोलणं झालं नाही.

आता मी इथेच भिवंडीत कॉलेजात शिकवते. आज हाच भाग होता. जंतू वेगळे, धूळ वेगळी, हे फळ्यावर दोनदा लिहिलं. निम्म्या पोरांच्या घरी लूम आहेत, कुणीतरी तुमच्यासारखं उलट काहीतरी विचारेल म्हणून थांबले. सगळ्यांनी जसंच्या तसं उतरवून घेतलं. बेल झाली, वर्ग रिकामा झाला, आणि मी खडू हातात घेऊन तुमच्यावर चिडत उभी.

हे पाठवायचं कुठे, म्हणून इथेच थांबते. फक्त एक सांगायचं राहिलं. तुमच्याशी भांडता यावं म्हणून मी कधी कधी मुद्दाम रात्री जागून जास्तीचं वाचायचे.