सुनेने मशीनला बोट का लावलं नाही

लाडक्या चिमे,

थोरल्या बहिणीचे ओंजळभर आशीर्वाद. तुझे गुडघे, तुझ्या कुंड्या आणि तुझे यजमान (ह्याच क्रमाने विचारतेय, त्यांना सांगू नकोस) ठणठणीत असतील असं धरून चालते. मी मजेत. इतकी, की चार दिवस एकटीच हसतेय आणि सून डॉक्टरांना फोन करू का म्हणतेय.

तर झालं असं. चौदा वर्षांपूर्वी मी मृत्युपत्र केलं आणि कपाटात तळाशी घालून विसरून गेले. गेल्या आठवड्यात ते हाताला लागलं म्हणून वकिलांकडे फोन केला. जुने वकील गेले, आता त्यांची मुलगी बसते. ती म्हणाली, आजी, घरात जन्म, लग्न, मरण काहीही झालं की मृत्युपत्र काढून बघायचं असतं. मला लगेच पटलं. (जन्मभर शिवणकाम केलं, माणूस अंगाने सुटलं की शिवण उसवायची, हे मला कोणी सांगायला नको.) आमच्या कागदात ह्यांना आतली खोली दिलेली, आणि ह्यांना जाऊन आठ वर्षं झाली. कुत्र्याला रोज दूध लिहिलेलं, तोही गेला. दोन्ही नातवंडांचा पत्ताच नाही, कारण ती तेव्हा जन्मलीच नव्हती.

सुनेला घेऊन गेले. खुर्चीत टेकले आणि कळलं, चष्मा घरीच. वकीलबाई म्हणाल्या, मग सूनबाई वाचतील. आणि चिमे, तेव्हा मला आठवलं आत काय आहे! धाकट्याचं कुणा टायपिस्ट पोरीशी जुळलंय असं तेव्हा कानावर आलेलं. मी तिला पाहिलीसुद्धा नव्हती, पण रागाच्या भरात लिहून घेतलं होतं, की लग्न केलंच तर त्या पोरीने माझ्या शिलाई मशीनला बोटही लावू नये. मी कागद ओढायला लागले. "अगं राहू दे, अक्षर बारीक आहे." तर ती कागदाकडे न बघता घडाघडा म्हणाली की! कुत्र्याच्या दुधासकट. वर म्हणते, "पाठ आहे मला, आई. इथेच बाहेरच्या टेबलावर मीच टाइप केलंय. तुम्ही आत ओरडत होता, मी बाहेर बडवत होते."

(लग्नाआधी तिने नोकरी बदलली. आधी कुठे होतीस, हे मी कधी विचारलंच नाही.)

लग्न झाल्यापासून मी जगाला सांगत फिरले, सून आळशी, मशीनवरची धूळसुद्धा पुसत नाही. तुलाही लिहिलंय, ती पत्रं फाडून टाक. ती बिचारी माझा शब्द पाळत होती गं! आधी मी रडले, मग ती हसली, मग वकीलबाई हसल्या, आणि मग कोणालाच थांबता येईना. आता नव्या कागदात मशीन तिचं. थोरली लेक कुरकुरली, पण ती दातांची डॉक्टर, तिला टाके घालायला दुसरी जागा आहे.

तुझीच,
ताई

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. गुरुवारी सह्या आहेत, साक्षीदार हवा. ज्याला काही मिळणार त्याने साक्ष देऊ नये म्हणे, म्हणून तुझं नाव कागदातून काढलंय. रुसू नकोस, ये.

आणखी एक. आईच्या बांगड्या दारातच तुझ्या हातात घालीन. सही करताना वाजवू नकोस.

आणखी. सुनेने आज पहिल्यांदा मशीन चालवलं. उशीचा अभ्रा चारही बाजूंनी शिवून टाकला, उशी बाहेरच. हिला शिकवायला बराच वेळ लागणार, तेव्हा मला एवढ्यात मरता यायचं नाही.