मसाला, खोकला आणि माझे टाके

घाटकोपर,
९ मे २०२५

प्रेमा,

अनेक आशीर्वाद. पत्र बघून दचकू नकोस, घरात कोणी गेलेलं नाही. फोनच करणार होते, पण तीन वर्षांनी जावेचा आवाज ऐकला की पहिल्याच मिनिटाला आपलं जुंपणार. आमच्या लेकीचं, जान्हवीचं, ऑफिस आता तुमच्या कांदिवलीत आहे, म्हणून तिच्या हाती देतेय. पाकीट चिकटवलंय. तिला काही बोलू नकोस.

बाळाभावजी बरे ना? प्रांजलची दहावी कशी गेली?

आमच्याकडे सगळं ठीक. १८ एप्रिलला माझी पिशवी काढली. गाठी होत्या. तुला कळवलं नाही, कारण तू आली असतीस.

ऑपरेशन झकास झालं. डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून समजावलं. पिशवी काढली की खालच्या वाटेचं आतलं तोंड शिवून बंद करतात. दोन थरांत शिवलंय, धागा आपोआप विरघळतो. मी विचारलं, "मग धरून कोण ठेवणार?" तर म्हणाल्या, "तोवर तुमचं तुम्ही जुळता. सहा आठवडे आतून जोर तेवढा पडू देऊ नका. तीन किलोच्या वर काही उचलायचं नाही, कुंथायचं नाही, खोकला अंगावर काढायचा नाही."

आमचे हे शेजारीच उभे होते. चित्र बघूनच "माका चक्कर येता" म्हणाले आणि माझ्याच कॉटवर आडवे झाले. नर्सने लिंबूपाणी त्यांना पाजलं.

मी मात्र नियम काटेकोर पाळले हो. स्वयंपाकघरात वजनकाटा आणून ठेवला. कुकर भरलेला तीन किलो दोनशे, म्हणून हात लावला नाही. नारळसुद्धा मोजून उचलले.

आता मसाल्याचं. मिरच्या गच्चीवर वाळून खडखडीत झाल्या होत्या, पाऊस तोंडावर. सासूबाईंच्या वेळेपासून मालवणी मसाला मेमध्येच होतो, हे तुला मी काय सांगू. मी खुर्चीवर बसून नुसती सांगणार होते. परवा शेजारच्या द्रौपदीने कढई ठेवली. वरचा मजला ओरडला म्हणून तिने खिडकी लावून घेतली. मग काय विचारतेस! द्रौपदी खोकत बाहेर पळाली, मांजर पळालं, मला खुर्चीतून उठताच येईना. दहा मिनिटं खोकले. तीन किलोंचा हिशेब ठेवताना खोकल्याचं पार विसरले.

मसाला रंगाला छान आलाय.

काल दुपारपासून लाल दिसतंय. थोडंच, पण ताजं आहे. आज सकाळी फोन केला तर बाई ओरडल्या, "कालच का नाही आलात? दोन वाजता माझ्यासमोर हजर व्हा. टाके बघायला हवेत." सुटले असतील तर परत टेबलावर घेतील, असंही म्हणाल्या.

ह्यांना सांगितलं तर आधी त्यांनाच दाखल करावं लागेल. जान्हवी रडत बसेल. मला दवाखान्यात बडबड करणारं, डॉक्टरला न घाबरणारं कोणीतरी हवंय. अख्ख्या घराण्यात तसं माणूस एकच आहे. बाराच्या आत ये. रिक्षात माझा हात धर आणि हवं तेवढं बोल, मी उलट बोलणार नाही. मला भीती वाटतेय गं.

आणि त्या वर्षी मसाल्यात दगडफूल जास्तच झालं होतं. तुझं खरं होतं.

तुझी थोरली जाऊ,
पण आज तुझ्या हाताखालची,
मालन