चपला बाहेर, मृदंग आत

प्रिय तोताराम,

तू मृदंग वाजवणारा, मी कीर्तनाला उभा राहणारा. आपल्यासारख्यांचं गाऱ्हाणं एकच: आपल्याला वाटतं लोक ऐकायला आलेत, आणि ते महाप्रसादाची वाट बघत बसलेले असतात. आता मात्र हे गाऱ्हाणं एकट्या माझ्याच वाट्याला उरलं. पहूरच्या सप्ताहातला तुझा व्हिडिओ धुळ्यात घराघरांत पोचलाय. गळ्यात हार, मांडीवर फायबरचा नवाकोरा मृदंग, कातड्याच्या जागी प्लास्टिकची पुडी, आणि शेजारी तुझे कुंदन महाराज. मिशी अजून धड फुटलेली नाही, पण माइक कानाला अडकवलेला. ते विचारतात, देवळात शिरताना चपला बाहेर, कमरेचा पट्टा बाहेर, मग बकरीचं कातडं आत कसं? आणि तू मान डोलावतोस!

हे वाक्य कोणाचं रे? सोनगीरच्या फाट्यावर, पुनाच्या टपरीवर चहा पिताना मी तुला हेच ऐकवत आलो. ग्रंथ उघडून दाखवले. म्हटलं, जीवदया सांगायची आणि मेलेल्या जिवाला थापा मारायच्या, याची लाज वाटू दे. पुडी चढवणारा झिपरू बाहेर पायरीवर बसतो आणि त्याच्या हातचं कातडं गाभाऱ्यासमोर जातं, हा कुठला धर्म, असंही विचारलं. तू काय म्हणालास? "बकरी ते मरी गई, सुकदेव. आते ती देवनं नाव लेस, ते तुना पोटमा काबर दुखस?" पुना तर कपबशी खाली ठेवून हसला. वर तू मलाच विचारलंस, की प्लास्टिक आलं तर झिपरूचं पोट कोण भरील? मग पहूरला का नाही विचारलास हा प्रश्न? महाराजांपुढे जीभ टाळ्याला चिकटली?

खरं तर मी पेढे वाटायला हवेत. माझं मत जिंकलं, एक बकरी वाचली. घरात प्रमिला तेच म्हणाली. तिला म्हटलं, बाई, तुझा स्वयंपाक शेजारणीच्या नावावर खपला तर तू वाटशील पेढे? ती म्हणाली, तुम्हाला बकरीचं दुःख नाही, तोतारामभाऊंचं आहे. मग मी तो व्हिडिओ पुन्हा लावला, नुसता आवाज ऐकायला. डबा वाजतो रे तो, नुसता डबा! ऐकून इतकं बरं वाटलं, की रात्रीची भाकर गोड लागली.

परवा एकादशी. कुंदनचं कीर्तन धुळ्यात, मांडवात, आणि माझं तुझ्याच सोनगीरला, मारुतीच्या पारावर. तू त्याला शब्द दिलास हे मला प्रमिलाकडून कळावं? ग्रंथ माझे पाठ आहेत, पण बोलता बोलता मी भरकटलो की तुझी थाप मला जागेवर आणते, हे तिथल्या कुणाला माहीत नाही. तुला आहे. तुझ्यावाचून मी उभा राहणार नाही, आणि तुझ्या थापेपुढे मला माझं मतसुद्धा नको. जुना मृदंग आण, कातड्याचाच. डाव्या पुडीला लागणारी कणीक मी माझ्या हाताने मळून ठेवतो. पत्र मिळताच कुंदनला फोन लाव आणि नाही म्हणून सांग.

तुझाच,
सुकदेव