पांढऱ्या जास्वंदीच्या पोटी

प्रिय धाकट्या,

आमच्या सरकारी बागेतल्या केशरी जास्वंदीची पाटी काल उतरवली. स्क्रू गंजले होते, दोघांना लटकावं लागलं. ऐंशी वर्षं ती पाटी सांगत होती, की हे संकरित फूल गोऱ्या साहेबांनी तयार केलं आणि त्याला आपल्या बायकोचं नाव दिलं. आबा तेव्हा तिथे माळी होते. म्हातारपणी ते म्हणायचे, फूल माझं आहे. तू विचारायचास, आबा, चंद्राचं कलमही तुम्हीच बांधलंत का? आबाही हसायचे.

साहेबांच्या नोंदवहीत आहे : आई लाल, बाप पांढरा. आबांचं म्हणणं उलट. पांढऱ्या फुलावर लाल फुलाचे पराग ठेवायचे, ऊन तापायच्या आत, आणि देठाला आजीच्या शिवणातला दोरा बांधायचा. साहेब नाश्ता करून येत तोवर काम उरकलेलं असे. त्यांनी विचारलं नाही, अंदाजाने लिहिलं.

तीन वर्षांपूर्वी नवे अधिकारी मला म्हणाले, बाई, आजोबांची माया वेगळी, पुरावा वेगळा. मी म्हटलं, मग करूनच बघू. चाळीस फुलं वहीप्रमाणे, चाळीस आबांप्रमाणे. वहीची सगळी गळाली. आबांच्या अकरा फुलांना बोंडं धरली. त्या बियांची एकोणीस रोपं जगली. अठरांनी आपापले रंग काढले. एकोणिसावं यंदा फुललं : तेच केशरी, पोटात तोच लाल डाग. अधिकाऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाले, बाई, चहा घेता का? माझ्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा.

नव्या पाटीवर आबांचं पूर्ण नाव आहे. तू नोकरीला लागल्यावर टाकून दिलेलं आडनावही आहे. त्या आडनावावरून ऑफिसात लोक तुला कुंड्यांना पाणी घालायला सांगायचे, हे मला ठाऊक आहे. मी तुला दोष दिला नाही, देणारही नाही. पण पाटीवरचं कापड घरातल्या कोणी काढायचं, असं अधिकाऱ्यांनी विचारलं, तेव्हा मी तुझं नाव सांगितलं, जुन्या आडनावासकट. निमंत्रणपत्रिकेत तेच छापलंय. पाकिटावरही मी तेच लिहिलं आहे, पोस्टमनला तूच समजाव. रविवारी ये. लवकर ये, हे फूल एकच दिवस टिकतं.

तुझीच,
ताई