परत घेतलेला हत्ती

भोकरदन, रविवार, संध्याकाळ

आज गायकवाड सरांना बुद्धिबळात हरवलं मी. शाळेत होते तेव्हापासून त्यांच्या ओट्यावर खेळतेय. आता माझी लेक शाळेत जाते, तरी माझी चाल चुकली की सर म्हणणारच, "परत घे." आणि मी घेणारच.

आज मी वजीर थेट त्यांच्या राजाला खेटून ठेवला. शह.

"अगं सुनीता, वजीर फुकट चालला. परत घे."

"न्हाई सर, राहू द्या."

हे मी म्हणाले? मीच.

वजिराला घोड्याचा जोर होता, राजाला तो मारता येईना. सरांनी हत्तीनं मारला. मंग माझ्या घोड्याचा शह, आणि राजा आपल्याच हत्ती-प्याद्यांत कोंडलेला. मात.

सरांनी बोटानं राजाची एकेक वाट तपासली. मंग हळूच म्हणाले, "एक चाल परत घेऊ का?"

घ्या म्हणलं. त्यांनी माझा घोडा नि आपला हत्ती मागं नेला, माझा वजीर पुन्हा उभा केला. लई शोधलं. शेवटी तोच हत्ती उचलला आणि त्याच वजिरावर नेला. दुसरी चाल नव्हतीच.

मी घोड्याला हात लावायच्या आधी सरच म्हणाले, "मात."