लाकडी गाडीत कोणाचा वाटा नाही

मी, श्रीमती रखमा हितेंद्र तेरवणकर, वय सत्तावन्न, धंदा मसाला कुटून देण्याचा, राहणार चिंचपोकळी, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या सुमेधा डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिलाय, तो सोबत जोडलाय. मला कोणी धाक घातलेला नाही, फूस लावलेली नाही. लावून बघावी. शाळा माझी चौथीपर्यंत. कायद्याचे शब्द वकील रुचाताईंनी सांगितले, बाकीचे माझे आहेत आणि ते कोणी सुधारायचे नाहीत. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. आताही केलं नसतं. गाडीमुळे करावं लागतंय.

गाडी म्हणजे लाकडी बॉडीची जुनी डिलिव्हरी व्हॅन. ती माझी स्वकष्टार्जित आहे, वडिलोपार्जित नाही. हे स्पष्ट लिहायचं कारण माझा धाकटा दीर हेरंब. त्याने गणपतीत चौकात भलामोठा फ्लेक्स लावला. त्यावर त्याचा हात जोडलेला फोटो, मागे माझी गाडी, आणि खाली ‘तेरवणकर घराण्याचा वडिलोपार्जित वारसा’. फ्लेक्स लागला आणि विसर्जन व्हायच्या आत तो गाडीत वाटा मागायला लागला. स्वतः छापलेलं स्वतःच वाचून खरं मानणारा दुसरा माणूस मी बघितला नाही.

खरं काय ते ऐका. कॉटन ग्रीनच्या एका गोडाऊनमध्ये माझी मिरचीची पोती असतात. तिथली मागची भिंत पाडायची म्हणून जुना माल हलवला, तेव्हा ताडपत्रीखाली ही निघाली. चाकं जमिनीत रुतलेली, आत उंदरांचा संसार, एक दार वाळवीने खाल्लेलं. बाजूला कुठल्यातरी बेकरीची पुसट अक्षरं. अशी पावाची गाडी मी लहान असताना लालबागला आमच्या गल्लीत यायची. आम्ही मागे लोंबकळायचो आणि मार खायचो. गोडाऊनवाला म्हणाला, ‘‘भंगारात चाललीय, पाहिजे तर न्या.’’ मी फुकट घेतली नाही. रीतसर विकत घेतली, कागद माझ्या नावावर केले.

घरी सांगितलं तर हेरंब हसून हसून खोकायला लागला. ‘‘वयनी, बरा केलात. यंदा होळयेक लाकडा विकत घेवक नकोत.’’ माझा मुलगा अवधूत त्याला टाळी देऊन म्हणाला, ‘‘आई, या वयात लोक तीर्थयात्रेला जातात गं.’’ हसली नाही ती एकटी माझी सून, मनवा. तिने एवढंच विचारलं, ‘‘ठेवणार कुठे?’’

ठेवली बाबल मेस्त्रीच्या कारखान्यात. मेस्त्रीने बोटाने लाकूड ठोकून ठोकून ऐकलं आणि म्हणाला, ‘‘बाये, ह्या लाकूड मेला नाय हा. तानलेला हा.’’ तहानलंय, तेल मागतंय. मग सडलेला भाग कापून काढला आणि तिथे साग बसवला. पाडलेल्या एका चाळीच्या कठड्याचा साग, असा आता मिळत नाही. सगळे सांधे खाचेत खाच घालून, खिळा कुठे नाही. जुना रंग पत्र्याच्या तुकड्याने खरवडायचं काम माझं. एका संध्याकाळी मनवा ऑफिसातून थेट तिथे आली, पर्स खुंटीला लावली आणि म्हणाली, ‘‘आई, सरका. रंग खरवडताय की कोणाचा राग काढताय?’’

‘‘दोन्ही.’’

‘‘मग एक पत्रा मला पण द्या.’’

तिला कोणाचा राग होता ते मी विचारलं नाही. आम्ही दोघी एका घरात बारा गोष्टींवरून भांडतो, पण त्या गाडीला जवसाचं तेल चोळताना कधी भांडलो नाही. तोंडात धूळ जायची म्हणूनही असेल. मेकॅनिकने इंजिन दुरुस्त केलं आणि गाडी चालू झाली, तेव्हा चालवायला अवधूतला लाज वाटली. मनवा स्टिअरिंगवर बसली. तेव्हापासून माझा मसाला दादर-गिरगावपर्यंत तीच पोचवते, सुट्टीच्या दिवशी.

आणि मग गाडी सगळ्यांची झाली. हेरंबने मंडळाच्या प्रसादासाठी मागितली, मी दिली. याने टपावर फ्लेक्सची चौकट उभी करायला चार बोल्ट आरपार मारले! मी ओरडले तर म्हणतो, ‘‘चार भोकांनी काय होता, वयनी?’’ पाणी आत गेलं, टपाची फळी फुगून उभी चिरली. देवाच्या नावावर स्वतःचं थोबाड मिरवायला माझं छप्पर फोडलं. त्याच्यावर कडी म्हणजे महिन्याभराने मी कारखान्यात गेले तर हेरंब आणि अवधूत टेप लावून गाडीची बाजू मोजतायत. सागावर खडूची रेघ. परळला जुन्या मिलच्या आवारात कोणाचं तरी हॉटेल होतंय, त्यांना गाडीची एक बाजू कापून तिथे सरबताचा काउंटर करायचाय.

अवधूत मला म्हणाला, ‘‘आई, तुझ्यानंतर तिचं करायचं काय? आत्ता गिऱ्हाईक आहे.’’

तुझ्यानंतर! मी समोर उभी होते, हातात तेलाचा डबा घेऊन. तर बाबा, माझ्यानंतर काय करायचं ते आता वाच.

१. चिंचपोकळीच्या खोलीची भाडेपावती अवधूत आणि मनवा दोघांच्या नावाने व्हावी. एकट्या अवधूतच्या नावाने होऊ नये. पुढे टॉवर झाला तर त्यातही दोघांची नावं.

२. लालबागचं दुकान आणि मसाला कुटायची डंखाची यंत्रं अवधूतला. त्याला मिरचीने शिंका येतात. येऊ देत. माझ्याकडे इतकी वर्षं काम करणारी प्रिती तिची इच्छा असेतो तिथेच राहील. तिला काढली तर दुकान तिचं. हे रुचाताईंनी पक्क्या भाषेत वेगळं लिहून दिलंय, सोबत जोडलंय.

३. बँकेतल्या ठेवी आणि माझ्या पाटल्या नात आकांक्षाला. ठेवी शिकण्यासाठी. लग्नात उडवायच्या नाहीत. पाटल्या तिला आवडल्या नाहीत तर मोडून काहीही घ्यावं, मी बघायला येणार नाही.

४. हेरंब यास माझ्या मालमत्तेतून चौकातला तो फ्लेक्स. मी उतरवून, पुसून, घडी करून माळ्यावर ठेवलाय. वारसा, वारसा म्हणत होता ना, तो त्यावर पूर्ण लिहिलेला आहे. कोर्टात गेलास तर तोच पुरावा म्हणून घेऊन जा.

५. गाडी. ही मी मनवाला द्यायची ठरवली आणि तिला समोर बसवून अटी सांगितल्या. विकायची नाही. कापायची नाही. मंडळाला द्यायची नाही. दर पावसाळ्याआधी तेल. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, ‘‘आई, इतक्या अटी असतील तर गाडी तुमच्याबरोबरच जाळा. मला तुमची वॉचमन व्हायचं नाहीये.’’ मी ताट सरकवून उठले. पुढे कितीतरी दिवस आम्ही एकमेकींशी फक्त कुकरच्या शिट्यांबद्दल बोललो. मला वाटलं, ही पण त्यांच्यातलीच. मग डोकं थंड झाल्यावर लक्षात आलं की घरातल्या पुरुषांनी मला न विचारता बाजू कापायला रेघ मारली, आणि मी हिला न विचारता हिच्या पुढच्या सगळ्या पावसाळ्यांवर रेघ मारत होते.

म्हणून सगळ्या अटी मी रद्द करते. आणि मरेपर्यंत थांबतही नाही. गाडीचे कागद गेल्या आठवड्यात बक्षीसपत्र करून मनवाच्या एकटीच्या नावावर झाले. गाडी आता माझ्या मालमत्तेत नाही, सबब या मृत्युपत्रात तिची वाटणी नाही. तिने ठेवली तर ठेवली, विकली तर विकली. विकणारी ती असेल. अवधूत, नवरा म्हणून तुझी सही कुठेच लागत नाही, मी विचारून घेतलंय.

६. माझ्या मागे तेराव्याला लाऊडस्पीकर नको, बॅनर तर नकोच नको. माझा फोटो कोणाच्याही फोटोशेजारी छापायचा नाही.

७. शेवटचं. मला त्या गाडीतून न्यावं असं मला वाटतं. ते मनवाला विचारावं. त्या दिवशी गाडीत माल भरलेला असेल तर ती नाही म्हणेल. तिला कोणी काही बोलायचं नाही. शववाहिनी बोलवावी.

वरचं सगळं मी माझ्या हाताने लिहिलं, वाचलं, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. ते दोघंही माझ्यासमोर सही करत आहेत. अंमलबजावणी वकील रुचा यांनी करावी.

(सही) रखमा हितेंद्र तेरवणकर

साक्षीदार
१. (सही) बाबल मेस्त्री, सुतारकाम, चिंचपोकळी
२. (सही) डॉ. सुमेधा, दवाखाना, चिंचपोकळी

ठिकाण: लालबाग, मुंबई
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२४