काचपट्ट्यांवरच्या तारखा

औरंगाबाद, ११ फेब्रुवारी १९८७

माधवला जाऊन पाच आठवडे. आज समितीची बैठक, नेहमीप्रमाणे आमच्याच पुढच्या खोलीत. आता तिघंच: अध्यक्ष वकीलसाहेब, गवंडी करीम उस्ताद, चिटणीस मी. चौथी खुर्ची कुणी हलवली नाही. तिच्यावर कुणी बसलंही नाही.

विषय एकच. माळ्यांच्या खिडकीच्या, तटाच्या त्या जुन्या दरवाजाच्या, भेगांवरच्या काचा यापुढे कोण पाहणार.

"वहिनी, तुम्हीच," वकीलसाहेब म्हणाले. उस्ताद खाली फरशीकडे बघत होते.

हो म्हटलं.

१४ फेब्रु.

माधवची नोंदवही काढली. पहिल्या पानावर सूचना. चित्रकलेच्या मास्तरचं अक्षर, सरळ, गोल. 'भेगेवर काचेची पट्टी आडवी बसवावी. दोन्ही टोकं चुन्यात. काचेवर बसवल्याची तारीख रंगानं लिहावी. भिंत सरकली तर काच तुटेल. दर रविवारी पाहणे.'

पुढे नऊ वर्षांचे रविवार. चार भेगा, चार काचा. प्रत्येक रविवारपुढे चार वेळा 'शाबूत'. काही पानांवर चहाचे डाग.

पुढचं पान कोरं. तिथं माझं अक्षर येणार.

१५ फेब्रु. रविवार

सकाळी गेले. उस्तादांनी शिडी धरली. "आराम से, बाई. मैं हूं नीचे."

चारही काचा शाबूत. चारहींवर तीच तारीख, ४.६.७८. त्याच्या हातची. बोट लावावंसं वाटलं. लावलं नाही.

खाली कमानीच्या सावलीत कौसाबाई. फुलंब्रीहून रविवारी बाजाराला येते, मेथी घेऊन, आणि फुगलेल्या भिंतीला पाठ टेकून बसते.

"सर नाय आले?"

"सर गेले, कौसाबाई."

"आगं बाई. कवा?" तिनं टोपलीवर फडकं ओढलं. मग, "दर ऐतवारी आख्खी टोपली न्यायचे हो."

न्यायचा खरा. पिशव्या भरभरून मेथी. नऊ घरी वाटायला लागायची. किती चिडायचे मी. शेवटच्या रविवारीसुद्धा.

दोन जुड्या घेतल्या. एकटीला त्याही जास्त.

नोंद केली. शाबूत, शाबूत, शाबूत, शाबूत.

१७ फेब्रु.

महापालिकेचं पत्र. रस्ता रुंद होणार. इमारत स्थिर असेल तर रस्ता वळवून तिला मध्ये ठेवता येईल. 'सबब समितीने आपल्याकडील नोंदींच्या आधारे लेखी कळवावे.' ९ मार्चला अभियंता पाहणीला येणार.

नऊ वर्षं ह्याच पत्राची वाट पाहिली. ते आलं तेव्हा वाचून दाखवायला कुणी नाही. स्वयंपाकघरात जाऊन मोठ्यानं वाचलं.

उत्तरात लिहायला हवं की खिडकी म्हणजे तटाचा धाकटा दरवाजा, घराची खिडकी नव्हे. मागे एका कारकुनानं आमचा अर्ज सुतारकामाकडे पाठवला होता. माधव आठवडाभर हसत होता.

२० फेब्रु.

पत्राचा खर्डा. 'भिंत स्थिर आहे.' हे वाक्य पालिकेला वर्षाला एक पत्र याप्रमाणे नऊ वेळा लिहिलं. तीन शब्द. एकही काढता येत नाही. वर्गात मुलांना असं वाक्य लिहायला शिकवत आले.

माधव म्हणायचा, तुझं पत्र वाचून भिंतीलाही धीर येतो.

२२ फेब्रु. रविवार

काचा शाबूत.

ऊन तिरपं होतं. तिसऱ्या काचेवरची तारीख पाहत राहिले. ४.६.७८ मधला सात. त्याची उभी रेघ थरथरलेली. आठाचं टोक दोनदा गिरवलेलं.

माधवचा हात ८४च्या पावसाळ्यात कापायला लागला.

नोंद केली नाही.

२३ फेब्रु.

त्याची जुनी कार्डं काढून बसले. ७८ची, ८२ची: सात सरळ, छडीसारखा. ८५ची: काचेवरच्यासारखा.

आयुष्यभर विद्यार्थ्यांच्या वह्या तपासल्या. कोणी कधी लिहिलंय ते मला कळतं. या वेळी कळलं नसतं तर.

२४ फेब्रु.

रंगांच्या कपाटात, ब्रशांच्या मागे, बिस्किटांचा डबा. वजनानंच समजलं.

तुटलेल्या काचपट्ट्या, अकरा. प्रत्येक वर्तमानपत्रात गुंडाळलेली, आत चिठ्ठी. चिठ्ठीवर भेगेचा क्रमांक आणि तुटल्याची खरी तारीख. पहिली ८१ची. शेवटची २१.१२.८६. तिसऱ्या भेगेच्याच पाच. पहिल्या काही चिठ्ठ्यांवरचं अक्षर सरळ, पुढच्या हलत गेलेल्या. प्रत्येक चिठ्ठीवर खाली तेच: 'नवी बसवली. या वेळी टिकेल.'

भिंतीवर खोटी तारीख. डब्यात खरी. मधे सहा वर्षं मी. त्याच्यासमोर बसून जेवत होते.

माझी नऊ पत्रं. पहिली तीन खरी.

२६ फेब्रु.

माधव सहा वर्षं शिडी चढलेला नव्हता. डॉक्टरांनी मनाई केली होती. तारीख खाली बसूनही रंगवता येते, पण काच बसवणारे हात दुसरे.

उस्ताद खिडकीमागच्या खड्ड्यात चुना परतत होते. तीन महिने मुरवायचा, रोज परतायचा. मी डबा समोर ठेवला. त्यांनी हात धुतले, पुसले, मग उघडला.

"कित्ते हैं?"

"अकरा."

"बारा होना. एक मेरे हाथ में चूर हुआ."

मला का नाही सांगितलं?

"सर मना करे. बोले, बाई झूट नै लिखते. उनकू मालूम पडा तो मुन्शिपाल्टी की चिठ्ठीच नै बनती. उनकू नक्को बोलो, उस्ताद. उनकी चिठ्ठी सच्ची रहने दो."

माझं वाक्य खरं राहावं म्हणून.

"हर बार चुना भरते, हर बार सर बोलते, अब के बैठ जाती दिवार. बारिश आती, फिर सरकती. मैं क्या बोलता? मेरेकू भी वैसाच लगता था."

मग म्हणाले, ४८ साली, पोलीस ॲक्शनच्या वेळी, ते आठ वर्षांचे. आई आणि ते, अकरा दिवस, ह्याच कमानीवरच्या खोलीत. बाहेर पडायची सोय नव्हती. खालचे माळी दोरीनं भाकर वर सोडायचे. "ये गिरी तो मैं किसकू दिखाऊं, कि हम कां बचे?"

त्याच दिवसांत माझे वडील निजामाच्या तुरुंगातून सुटून आले होते. आमच्या घरी पेढे वाटले. मी वाटले, शेजारी.

हे उस्तादांना सांगितलं नाही. त्यांना माहीत असेल.

२७ फेब्रु.

त्याच्यावर ओरडायचं आहे. कुठं बघून ओरडू.

१ मार्च. रविवार

तिसरी काच तुटली. मधोमध. एक तुकडा चुन्यात अडकून लोंबत होता.

खाली येऊन कौसाबाईला म्हटलं, पलीकडे बस, त्या भिंतीपाशी नको.

"तिकडं ऊन हाय. मेथी वाळून जाती."

"भिंत धड नाही, कौसाबाई."

"माझी सासू बी हितंच बसायची. काय न्हाय होत." मग हसली. "सर बी लई मागं लागायचे, सरक म्हून. मी म्हणायची, का वो, माझी पाठ बघवंना का? मंग म्हणायचे, बरं, समदी मेथी दे मला, आन् जा बघू घरला लौकर."

पुढचं ती बोलत होती. मला ऐकू येत नव्हतं.

नऊ घरी वाटायचे मी. दारात उभं राहून सांगायचे, ह्यांना काही कळत नाही, ढीगभर आणून ठेवतात.

टोपली तशीच राहिली. मी काही न घेता निघून आले.

नोंद: तिसरी भेग. तुटली.

३ मार्च

वकीलसाहेबांकडे डबा घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावून सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या. माधवचा शाळेपासूनचा मित्र. नाक शिंकरलं, चष्मा पुसला.

"वहिनी, माणूस मेला की त्याच्यावरचा खटला खारिज होतो."

"आणि माझ्यावरचा?"

"तुम्ही काही पाहिलंच नाही असं धरा. एक काच बदला, नवव्या तारखेला पाहणी होऊ दे. रस्ता एकदा वळला की आपण भिंत सावकाश उतरवून पुन्हा बांधू. खरं सांगाल तर ते आठ दिवसांत पाडतील. मग तुमचं खरं घेऊन काय करायचं?"

"तोवर खाली माणसं असतात."

"सहा वर्षं होतीच."

मग चिठ्ठ्या एकेक करून डब्यात परत ठेवल्या. चहा निवला.

दारापर्यंत आले. म्हणाले, "माध्या असता तर काय केलं असतं, ते आपल्याला माहीत आहे. तेच तर वाईट आहे."

५ मार्च

पत्र लिहिलं. पाच खर्डे. पहिल्यात माधवची बाजू मांडली, फाडला. दुसऱ्यात माझी. शेवटी उरलं ते:

'भिंत सरकत आहे. सन १९८१ पासून काचा किमान बारा वेळा तुटल्या व बदलल्या. आमची मागील सहा पत्रे चुकीची होती. ती मी लिहिली. कमानीखालची वाट तात्काळ बंद करावी.'

स्वतः नेऊन दिलं. पोच घेतली. परतताना उस्तादांनी आणि मी कमानीला दोरी बांधली, तांबड्या चिंध्या लावून. उस्तादांनी पत्रात काय आहे ते विचारलं नाही. दोरीची गाठ मात्र तीनदा सोडून बांधली.

८ मार्च. रविवार

कौसाबाई दोरीच्या अलीकडे उन्हात बसली होती. मला पाहून टोपली पलीकडे वळवली.

९ मार्च

अभियंता आला. तरुण, नम्र. फुगवट्यावर तळवा ठेवून बराच वेळ उभा राहिला, डॉक्टर ठेवतात तसा. माधवला हा आवडला असता.

"बाई, हे तुम्ही आपणहून का लिहिलंत? आम्हाला कळलंच नसतं."

डबा त्याच्या हातात दिला.

काचांचे तुकडे त्यानं सोबत नेले. पावती दिली: 'काचेचे तुकडे, नग अकरा.' चिठ्ठ्या मी दिल्या नाहीत. नकला करून दिल्या, शेवटची ओळ सोडून.

पाडायची की टेकू द्यायचा, ते वर ठरेल. किती दिवस लागतील? सांगता येत नाही. आणि दोरी काढावी लागेल. आदेश निघाल्याशिवाय वाट अडवता येत नाही, खाजगी माणसांना तर नाहीच.

"पण मी लिहून दिलंय."

"हो, बाई. तेच वर पाठवणार."

उस्तादांनीच दोरी सोडली. गुंडाळून खांद्यावर टाकली आणि चुना परतायला गेले. तो तयार व्हायला अजून दोन महिने.

१२ मार्च

पत्र नाही.

मी बाभळीच्या फांद्या आणून कमानीत टाकल्या होत्या. दुपारी कुणी तरी बाजूला सारल्या. सायकली चालू.

१४ मार्च

पत्र नाही. आज माधवचा चष्मा सापडला, माझ्याच टेबलाच्या खणात, पत्रांच्या नकलांवर. त्या खणात तो कधी हात घालत नसे. नोंदवहीच्या वर ठेवलाय.

अजून रागावलेलीच आहे. बरं आहे. राग आहे तोवर तो घरात आहे.

१५ मार्च. रविवार

उस्ताद नवी पट्टी घेऊन आले होते, मी न सांगता. तिसऱ्या भेगेवर बसवली. खाली उतरून ब्रश माझ्या हातात दिला. "तारीख तुम लिखो, बाई."

शिडी चढले. १५.३.८७. साताची उभी रेघ वाकडी आली. पुसून पुन्हा लिहावं असं वाटलं. ठेवली तशीच.

खाली कौसाबाई. दोरी गेल्यामुळे पुन्हा सावलीत, पाठ भिंतीला.

"बरं झालं बाई, दोरी काढली. लई ऊन लागलं गेल्या टायमाला."

"कौसाबाई, किती जुड्या आहेत?"

"कशाला?"

"सगळ्या दे."

ती बघत राहिली. "समद्या? तुमी तर एकट्या."

"सगळ्या दे. आणि घरी जा लवकर."

तिनं एकेक जुडी पिशवीत भरली. घाई केली नाही. टोपली झटकली, पदर झटकला, उठली. भिंतीवर तिच्या पाठीची ओली खूण राहिली होती. ती एस्टीकडे जाईपर्यंत मी कमानीखालीच उभी होते, तीन पिशव्या घेऊन. वर उस्ताद काचेभोवतीचा चुना ओला करत होते.

नऊ घरी वाटून आले. एका दारात विचारलं, एवढी कशाला आणलीत?

कौसाबाई रविवारीच येते. बाकीची माणसं कमानीखालून रोज जातात.